ऐकणाऱ्याचा चेहरा: पडद्यावरची योगायोगाची भेट आणि हलक्या आवाजातले बोलणे

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या लघुपटात रात्रीच्या वेळी रेल्वेच्या प्रतीक्षालयात एक स्त्री आणि एक पुरुष योगायोगाने भेटतात, गाडी येईपर्यंत हलक्या आवाजात बोलत राहतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. संहितेचे वाचन झाले तेव्हा संवाद सगळ्यांना आवडले होते. संकलन झाल्यावर मात्र तोच प्रसंग लांबलेला, बेतलेला आणि काहीसा खोटा वाटतो. दोष योगायोगात आहे, संवादांत आहे की चित्रीकरणात, असे विचारले आहे.

अशा प्रसंगांशी संकलनाच्या टेबलावर झटापट करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे माझे उत्तर त्या टेबलावरून जसे दिसते तसे आहे. तिन्हींपैकी कशावरही बोट ठेवण्याआधी एक गोष्ट तपासून पाहावी: या प्रसंगात कोणी कोणाचे ऐकते आहे का? फसलेल्या बहुतेक संभाषणांत दोन माणसे आळीपाळीने बोलत असतात, आणि जो गप्प असतो तो केवळ आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो. वाचनाच्या वेळी हे ध्यानात येत नाही, कारण कागदावर बोलणाऱ्याचे नाव आणि त्याचे वाक्य एवढेच असते. ऐकणाऱ्यासाठी तिथे एक ओळही राखलेली नसते. पडद्यावर मात्र तो सतत हजर असतो, चौकटीत नसला तरी असतो. शिवाय अंधारात बसलेला प्रेक्षक स्वतःही ऐकणाराच असल्याने त्याचे नाते बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याशी आधी जुळते. ऐकणारा खोटा असला की बोलणारा कितीही चांगला असला तरी प्रसंग पडतो.

आधी योगायोगाविषयी, कारण त्याच्यावर विनाकारण आळ येतो. दोन अनोळखी माणसांची गाठ पडणे हा योगायोग प्रेक्षक कुरकुर न करता मान्य करतो; ती भेट झाली नाही तर चित्रपटच नाही, हे त्याला ठाऊक असते. त्याला खटकते ते पुढचे. उठून जाणे सहज शक्य असताना ही माणसे तिथे का थांबली, याचे उत्तर मिळाले नाही की दिग्दर्शकाने त्यांना खुर्चीला बांधून ठेवल्यासारखे वाटू लागते. रिचर्ड लिंकलेटर यांच्या ‘बिफोर सनराइज’ (१९९५) या चित्रपटात धावत्या गाडीत शेजारचे जोडपे जर्मन भाषेत कडाक्याने भांडू लागते, त्या कटकटीला कंटाळून नायिका जागा बदलते आणि नायकाच्या पलीकडच्या बाजूला येऊन बसते. योगायोग म्हणावा तो एवढाच. पुढे व्हिएन्नाला गाडीतून उतरणे हा तिचा निर्णय आहे, आणि तो निर्णय येण्याआधी चित्रपटाने आपल्याला दोघांचे भरपूर बोलणे ऐकवलेले असते. त्या भांडणाऱ्या जोडप्याची योजना किती नेमकी आहे तेही पाहण्यासारखे आहे: एकमेकांचे न ऐकणाऱ्या दोघांमुळे, ऐकण्याची इच्छा असलेले दोघे जवळ येतात.

डेव्हिड लीन यांच्या ‘ब्रीफ एन्काउंटर’ (१९४५) मध्ये तर योगायोगाचे तीन लहान हप्ते पाडले आहेत. धडधडत गेलेल्या गाडीमुळे फलाटावर उभ्या असलेल्या स्त्रीच्या डोळ्यात कण जातो आणि स्थानकाच्या उपाहारगृहात योगायोगाने हजर असलेला डॉक्टर तो काढून देतो. पुढच्या गुरुवारी रस्त्यात ओझरती गाठ पडते. त्यापुढच्या गुरुवारी जेवणाची जागा भरलेली असल्याने दोघे एकाच टेबलावर बसतात. पहिल्या भेटीत आभार मानण्यापलीकडे काहीही घडत नाही, आणि म्हणूनच तिसरी भेट विश्वसनीय वाटते. दोघांच्या गाड्या विरुद्ध दिशांना जाणाऱ्या असल्याने बोलण्याला प्रत्येक वेळी मुदत पडते. ही मुदत मला योगायोगापेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते. वेळ अमर्याद असेल तर माणूस अर्धे लक्ष देऊन ऐकतो. गाडीची घोषणा केव्हाही होईल हे ठाऊक असेल तर समोरच्याचे साधे वाक्यही तो निसटू देत नाही. आपल्या लघुपटात गाडी आहे, पण तिची वेळ प्रसंगात कुठेच जाणवत नसावी असा माझा अंदाज आहे. घड्याळाचे क्लोजअप टाकून ती जाणवत नाही, ती दोघांपैकी एकाच्या वागण्यात उतरावी लागते: तो पिशवीचा पट्टा खांद्यावरून काढतच नाही, किंवा उशिरा काढतो.

अनोळखी माणसाजवळ आपण मन मोकळे का करतो, याविषयी समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०८ साली लिहून ठेवले आहे की परक्या माणसाला कधीकधी कबुलीजबाबाच्या तोडीचा मोकळेपणा लाभतो, आणि जवळच्यांपासून जपून ठेवलेली गुपिते त्याच्यापुढे उघड होतात. तो आपल्या माणसांत मिसळलेला नसतो, त्यामुळे ऐकलेले तो कोणत्याही बाजूने वापरणार नसतो. पटकथाकार हे तत्त्व जाणतात, पण त्याचा अर्थ बऱ्याचदा घाईने लावतात आणि तिसऱ्याच वाक्याला पात्राकडून आयुष्याची कहाणी वदवून घेतात. मोकळेपणा परकेपणामुळे शक्य होतो, पण तो सुरू व्हायला निमित्त लागते, आणि ते निमित्त बहुधा ऐकणाऱ्याकडून, नकळत, एखाद्या साध्या शिष्टाचाराच्या वाक्यातून येते. नावांचेही असेच. दोन पात्रांनी भेटल्याबरोबर नावे सांगितली की ओळख करून घेण्याची औपचारिकता पुरी होते आणि परकेपणाने दिलेली सवलत निम्मी संपते. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) मध्ये दिवसभर बरोबर फिरणाऱ्या दोघांची नावे आपल्याला कळत नाहीत, आणि चित्रपटाच्या मध्यापर्यंत तर आपण ती विचारायचेही विसरून गेलेलो असतो.

आता आपल्या लघुपटातल्यासारखाच एक प्रसंग जवळून पाहू. समजा, प्रतीक्षालयात तो बसला आहे, शेजारच्या खुर्चीवर त्याची पिशवी आहे. ती येते. पहिल्या खर्ड्यात संवाद असे असतात. “इथे कोणी बसलंय का?” “नाही, बसा ना.” “गाडी उशिरा आहे का?” “दोन तास.” “कुठे निघालात?” “भावाकडे. तसा आमचा बोलण्याचा संबंध उरलेला नाही. वडील गेल्यावर घरावरून वाद झाला, तेव्हापासून मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही.” वाचनात हे शेवटचे वाक्य ऐकून मंडळी माना डोलावतात, कारण त्यात माहिती आहे आणि दुःखही आहे. पडद्यावर ते कोसळते. त्या स्त्रीने असे काहीच केलेले नाही की ज्यामुळे त्याने हे तिला सांगावे. तिच्या जागी दुसरे कोणीही असते तरी त्याने तेच सांगितले असते.

त्याऐवजी असे करून पाहावे. “कुठे निघालात?” “भावाकडे.” “वाट पाहत असतील.” इथे तो उत्तर देत नाही. मग, “त्याला माहीत नाही मी येतोय.” संवाद कमी झाले, माहिती तर फारच कमी झाली, पण आता घटना घडली आहे. तिने काही मनात न आणता, केवळ बोलायचे म्हणून एक वाक्य टाकले आणि ते नेमके दुखऱ्या जागी लागले. ते लागल्याचे तिला दिसले. आणि तिला दिसले हे त्याला कळले. घराचा वाद, वडील, मधली वर्षे हे सगळे पुढच्या दहा मिनिटांत कधीतरी येईल किंवा येणारही नाही.

या चार वाक्यांचे संकलन मी कसे करीन तेही सांगतो. “कुठे निघालात?” पर्यंत दोघे एकाच टू-शॉटमध्ये, म्हणजे दोघेही दिसतील अशा एकाच चौकटीत, राहतील, कारण अजून ती दोन परकी माणसे आहेत आणि कोणाच्याही चेहऱ्याजवळ जाण्याचा अधिकार कॅमेऱ्याने कमावलेला नाही. “भावाकडे” या शब्दावर त्याचा मध्यम क्लोजअप. “वाट पाहत असतील” हे तिचे वाक्य तिच्यावर कट न करता त्याच्याच चेहऱ्यावर ऐकू येईल, म्हणजे ते वाक्य उच्चारले जाताना नव्हे तर पोचताना दिसेल. त्यानंतर साधारण दोन सेकंद, म्हणजे सेकंदाला चोवीस फ्रेमच्या हिशेबाने अठ्ठेचाळीस फ्रेम, तो गप्प आहे. पण ही सगळी शांतता मी त्याच्यावर घालवणार नाही. मधेच, तिची नजर सहज वळून त्याच्याकडे येते आणि तिथेच थबकते, त्या क्षणी तिच्यावर जाईन. “त्याला माहीत नाही मी येतोय” हे वाक्य तिच्या चेहऱ्यावर येईल. म्हणजे या प्रसंगातल्या दोन्ही महत्त्वाच्या वाक्यांच्या वेळी बोलणारा चौकटीत नाही. यासाठी दोघांचेही ऐकतानाचे पूर्ण टेक हाती असावे लागतात, आणि नेमके तेच बहुतेक लघुपटांत नसतात, कारण दिवस संपत आला की ‘रिअॅक्शन नंतर घेऊ’ असे म्हटले जाते.

कॅमेऱ्याच्या बाजूने विचार करता, समोरासमोर बसवण्याची सवय आधी सोडावी. समोरासमोर बसलेल्या दोन अनोळखी माणसांना एकमेकांकडे पाहावे तरी लागते किंवा मुद्दाम नजर टाळावी तरी लागते, आणि दोन्हींत थोडा चौकशीचा रंग येतो. शेजारी शेजारी बसलेल्यांना समोर पाहत बोलण्याची मुभा असते. मग वळून पाहणे ही कृती ठरते आणि ती कधी वापरायची हे दिग्दर्शकाच्या हाती राहते. बाक, गाडीतल्या पुढच्या दोन जागा, खिडकीकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्या यांना अशा चित्रपटांत एवढे स्थान मिळते ते उगीच नव्हे. बाजूबाजूला बसवण्यात एक अडचण आहे: कॅमेरा समोरून लावला की दोन्ही चेहरे मिळतात पण दोघांमधली नजर मिळत नाही, आणि बाजूने लावला की जवळचा माणूस पलीकडच्याला झाकतो. यावर उपाय म्हणून सुरुवातीला समोरचा टू-शॉट पुरेसा लांबवावा आणि प्रत्येकाचा स्वतंत्र क्लोजअप त्याच्या वळण्याच्या बाजूने घ्यावा, म्हणजे जो वळून पाहील त्याचा चेहरा पूर्ण उघडेल आणि जो पाहणार नाही तो प्रोफाइलमध्ये राहील. नजर लेन्सच्या किती जवळून जाते यावरही बरेच अवलंबून असते. सुरुवातीला ही नजरेची रेषा, म्हणजे आयलाइन, लेन्सपासून थोडी लांब ठेवून हळूहळू जवळ आणली, तर प्रेक्षकाला कारण न कळता जवळीक वाढल्याचे जाणवते. दोन पात्रांना जोडणारी जी काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडू नये असे म्हणतात, ती ओलांडण्याचा बाऊ मात्र करू नये. शांत प्रसंगात ती योग्य क्षणी ओलांडली तर संभाषणाने कूस बदलल्यासारखे वाटते.

अभिनयाच्या बाबतीत एक उदाहरण मला फार बोलके वाटते, कारण ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते असे वरवर दिसते. अब्बास किआरोस्तामी यांच्या ‘टेस्ट ऑफ चेरी’ (१९९७) मध्ये एक माणूस गाडीतून फिरताना वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसांना शेजारी बसवून घेतो आणि त्यांच्यापुढे एक कठीण विनंती ठेवतो. ही संभाषणे चित्रित होताना दोन्ही नट एकत्र बसलेले नव्हते. ज्याच्यावर कॅमेरा असे त्याच्या शेजारच्या जागेवर स्वतः किआरोस्तामी बसत आणि बोलत. म्हणजे पडद्यावर ते दोघे एकमेकांचे ऐकतात ते प्रत्यक्षात घडलेच नाही. मात्र ऐकणे घडले होते, कारण समोर बसलेला माणूस खरोखर बोलत होता आणि त्याला काय उत्तर येते यात रस होता. याच्या उलट, आपल्याकडे क्लोजअपच्या वेळी समोरचा नट विश्रांती घ्यायला जातो आणि कोणीतरी सहायक कागदावरून सपाट आवाजात वाक्ये वाचून दाखवतो. त्या क्लोजअपमध्ये नटाच्या डोळ्यांत जे दिसते ते सहायकाचे वाचन असते, आणि संकलनात त्यावर कोणताही इलाज नाही.

जपानी दिग्दर्शक र्‍यूसुके हामागुची यांची तालमीची पद्धत याच दुखण्यावरची आहे. नटांना संवाद भावनाविरहित, एकसुरी आवाजात पुन्हा पुन्हा वाचायला लावायचे, इतके की शब्द अंगात मुरावेत आणि आपले वाक्य आठवण्यात लक्ष अडकू नये. भावना चित्रीकरणाच्या वेळी, समोरच्याचे ऐकून जी येईल ती. त्यांच्या ‘व्हील ऑफ फॉर्च्यून अँड फँटसी’ (२०२१) मधली तिसरी कथा आपण आवर्जून पाहावी. सरकत्या जिन्यावर एक वर जाणारी आणि एक खाली येणारी अशा दोन स्त्रिया एकमेकींना पाहून थबकतात. जुनी मैत्रीण भेटली असे दोघींनाही वाटते. घरी बसून बरेच बोलणे झाल्यावर उमगते की दोघींचीही चूक झाली आहे, आपण कधीच भेटलेल्या नाही. त्यानंतर उठून जाण्याऐवजी त्या एकमेकींसाठी त्या हरवलेल्या व्यक्तीची भूमिका वठवू लागतात. योगायोग खोटा ठरल्यावर संभाषण खरे होते. भेटीचे कारणच नाहीसे झाले तरी ऐकण्याची गरज उरतेच, म्हणून प्रसंग टिकतो.

संकलनाकडे येतो. रोजच्या बोलण्यात एकाचे वाक्य संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत जाणारा वेळ आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात हे अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास आढळले. फ्रेमच्या हिशेबात हे जेमतेम पाच फ्रेम होतात. याचा अर्थ ऐकणारा समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच उत्तराची जुळवाजुळव करू लागलेला असतो. स्वतंत्र क्लोजअप एकामागून एक जोडताना नवखा संकलक आदराने प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धा सेकंद सोडतो, पुढच्याच्या आधी आणखी अर्धा सोडतो, आणि मग पूर्ण प्रसंग एकाच संथ चालीने ओढला जातो. हलक्या आवाजात बोलणे म्हणजे संथ बोलणे नव्हे. साधी वाक्ये पाच-सात फ्रेमच्या अंतराने, कधी एकमेकांवर चढवून जाऊ द्यावीत. तरच जिथे खरा पॉज आहे तिथे तो पॉज म्हणून ऐकू येईल. सगळीकडेच शांतता असेल तर कोणतीच शांतता उरत नाही.

कट नेमका कुठे करावा याबाबत संकलक वॉल्टर मर्च यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. ‘द कॉन्व्हर्सेशन’ (१९७४) चे संकलन करताना त्यांना दिसले की आपण निवडलेली कटची जागा आणि नट जीन हॅकमन यांनी पापणी मिटण्याची जागा वारंवार जुळते आहे, आणि त्यावरून त्यांनी असे मानले की माणूस एक विचार पुरा झाला की पापणी मिटतो. मी याचा नियम करीत नाही, पण ऐकणाऱ्याच्या टेकमध्ये पापण्या कुठे मिटतात हे मात्र नेहमी पाहतो. खरोखर ऐकणाऱ्याची पापणी समोरच्याच्या वाक्यातल्या अर्थाच्या टप्प्यांवर मिटते; नुसता थांबलेला नट कुठेही डोळे मिचकावतो. दोन टेकपैकी कोणता घ्यावा असा प्रश्न पडला की आवाज बंद करून एवढेच पाहिले तरी पुष्कळदा निकाल लागतो.

ध्वनीबद्दल फार लांबण लावत नाही, पण एक गोष्ट चुकवू नये. चित्रीकरणाच्या जागी सगळ्यांना गप्प बसवून निदान मिनिटभर रूम टोन, म्हणजे त्या जागेचा नुसता पार्श्वध्वनी, घेतलेला असावा. तो नसेल तर प्रत्येक कटवर पार्श्वभूमीचा पोत बदलतो आणि प्रेक्षकाच्या कानाला शिवण लागते. तो असेल तर त्याच्याशी खेळता येते. प्रतीक्षालयातला पंखा, दूरची घोषणा, कोणाचे तरी खोकणे हे सुरुवातीला पूर्ण पातळीवर ठेवून, दोघे बोलण्यात गुंतत जातील तसतसे ते इतक्या सावकाश उतरवावे की उतरल्याचे कळू नये. आणि मग एखाद्या व्यत्ययासरशी ते सगळे एकदम परत यावे. पार्श्वसंगीताला मी अशा प्रसंगात शक्यतो दूर ठेवतो, कारण ते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याआधीच प्रेक्षकाला निकाल सांगून टाकते. संगीत हवेच असेल तर ते पात्रांनाही ऐकू येणारे असावे. ‘बिफोर सनराइज’ मधला ध्वनिमुद्रिकांच्या दुकानातला प्रसंग याच कारणाने अभ्यासावा: अरुंद खोलीत दोघे एक गाणे ऐकत उभे आहेत, एक अखंड शॉट आहे, संवाद एकही नाही, तो पाहतो तेव्हा ती नजर वळवते, ती पाहते तेव्हा तो. ऐकणे हीच तिथली घटना आहे. ‘बिफोर सनराइज’ आणि त्याचे पुढचे भाग यांतले संभाषण उत्स्फूर्त असावे असा अनेकांचा समज असतो, पण ते लिहिलेले आणि कसून तालीम केलेले आहे.

संवादांत न बोललेल्या भागाचे काय, हाही आपल्या प्रश्नाचाच पैलू आहे. वाँग कार-वाई यांच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’ (२०००) मध्ये दोन शेजारी उपाहारगृहात बसले आहेत. तो तिच्या पर्सविषयी विचारतो, तशी पर्स पत्नीला घ्यायची आहे म्हणतो. ती त्याच्या टायविषयी विचारते. थोड्याच वेळात स्पष्ट होते की त्याच्या पत्नीकडे तशीच पर्स आहे आणि तिच्या पतीकडे तसाच टाय. दोघांनाही संशय आधीपासून आहे, दोघेही दुसऱ्याला किती माहीत आहे हे चाचपत आहेत, आणि वाक्ये मात्र खरेदीची आहेत. अशा ठिकाणी प्रेक्षक पुढे झुकतो, कारण वाक्याचा अर्थ लावण्याचे काम त्याच्यावर सोपवलेले असते. ‘इजाजत’ (१९८७) मध्ये गुलजार यांनी एकेकाळचे पती-पत्नी पावसाच्या रात्री स्थानकाच्या प्रतीक्षालयात आणून बसवले, आणि भूतकाळ फ्लॅशबॅकमधून उलगडला. ती रचना त्या चित्रपटाला शोभते, पण लघुपटात मी फ्लॅशबॅकचा सल्ला देणार नाही: तो आला की ऐकणारा चौकटीतून जातो आणि आपण परत येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय घडून गेले ते पाहायचे राहते.

शेवट कसा करावा याविषयी मतभेद असू शकतात. माझे मत ठाम आहे. निरोपाच्या वेळी पात्रांनी आपल्या भेटीचे महत्त्व बोलून दाखवू नये. ‘ब्रीफ एन्काउंटर’ मध्ये अखेरच्या निरोपाची वेळ येते तेव्हा नायिकेची एक बडबडी परिचित स्त्री टेबलावर येऊन बसते, आणि नायकाला नायिकेच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून निघून जावे लागते. हा प्रसंग चित्रपट सुरुवातीलाच, अर्थ न सांगता, परक्याच्या नजरेतून दाखवतो, आणि शेवटी पुन्हा नायिकेच्या बाजूने दाखवतो. मधली संपूर्ण कहाणी ती मनातल्या मनात नवऱ्याला सांगते आहे, जो शेजारी बसून शब्दकोडे सोडवतो आहे. सत्यजित राय यांच्या ‘नायक’ (१९६६) मध्ये आगगाडीत भेटलेली पत्रकार आधी मुलाखतीच्या हेतूने नटाचे ऐकते, मग माणूस म्हणून ऐकते, आणि अखेरीस घेतलेली टिपणे फाडून टाकते. त्या कृतीनंतर तिला आभाराचे किंवा सहानुभूतीचे एकही वाक्य लागत नाही. सोफिया कपोला यांच्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ (२००३) मध्ये नायक गर्दीच्या रस्त्यावर नायिकेच्या कानात काही पुटपुटतो आणि ते आपल्याला नीट ऐकू येत नाही. त्याची नक्कल मात्र करू नये. ती युक्ती तिथे चालली कारण त्याआधीचा पूर्ण चित्रपट आपण दोघांबरोबर ऐकत आलेलो होतो.

आपले चित्रीकरण झालेले आहे आणि पुन्हा जाणे शक्य नसावे असे धरून पुढचे सुचवतो. सध्याचा कट बाजूला ठेवावा आणि त्याच ध्वनिपट्टीवर एक नवा कट बांधावा, ज्यात बोलणारा माणूस शक्य तिथे कधीच दिसणार नाही, फक्त ऐकणारा दिसेल. हा कट दाखवण्यासाठी नसून तपासणीसाठी आहे. ऐकणाऱ्याचे टेक जिथे अपुरे पडतील तिथे दुसऱ्याच वाक्याच्या वेळचे, ‘अॅक्शन’ म्हणण्याआधीचे किंवा ‘कट’ म्हटल्यानंतरचे तुकडे शोधावेत. नट अभिनय थांबवून खरोखर ऐकू लागतो ते बरेचदा त्या कडेच्या सेकंदांत, आणि असे तुकडे वापरण्यात काहीही गैर नाही. मग हा कट पाहताना प्रत्येक वाक्यापाशी नोंद करावी की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या वाक्याने काही हलले का. ज्या वाक्यांनी काहीच हलत नाही ती ध्वनिपट्टीवरून काढून टाकावीत, मग ती वाचनात कितीही दाद मिळवून गेलेली असोत. त्यातून जे उरेल त्यात बोलणाऱ्याचे शॉट गरजेपुरते परत आणावेत, साध्या वाक्यांमधली अंतरे घट्ट करावीत, आणि सगळ्यात मोठा पॉज एकाच जागी ठेवावा. ती जागा कोणती हे ठरले, की रूम टोन कुठे उतरवायचा आणि गाडीची घोषणा कुठे आणायची हे ध्वनिसंकलकाबरोबर बसून ठरवता येईल.